सरदार आणि ठकू

(दृश्य: पहाट. सिंहगडाच्या पायथ्याला धुक्यात बुडालेलं डोणजे. टेम्पोची मागची फळी खाली पडते. आत अंधार, अंधारात दोन कान.)

आमच्या मामाला आयुष्यात दोनच नाद. बुलेटचा आणि घोड्याचा. बुलेट तिशीत आली. घोडा यायला सत्तावन्नावं वर्ष उजाडलं, आणि आला तो हा.

टेम्पोतून उतरलेलं जनावर बघून गल्लीतली पोरं आधी 'गाढव, गाढव' म्हणून ओरडली. मग त्यांना आयाळ दिसली. मग ते खिंकाळलं आणि पोरं गप्प झाली. आवाज अख्ख्या घोड्याचा होता.

नाव सरदार. वय सहाच्या आसपास. मुळशीकडच्या एका गृहस्थांनी तो वाढदिवसाच्या पार्ट्यांना पोरं फिरवायला ठेवला होता. जागा विकली, घोडा मामाला दिला. देताना म्हणाले, 'एकदम अस्सल मिनिएचर आहे.'

मामानं लगेच सुताराचा टेप काढला. या छोट्या घोड्यांची उंची आयाळीचे शेवटचे केस जिथं संपतात तिथपर्यंत मोजतात. अमेरिकेत त्यांची एक संघटना आहे, १९७८ सालची. ती ३४ इंचांच्या वर सूतभरही जाऊ देत नाही. तिथलीच दुसरी नोंदणी ३८ इंचांपर्यंत सामावून घेते. आमचा भरला साडेपस्तीस. मामाचा चेहरा जरा उतरला. ओट्यावर तांदूळ निवडता निवडता मामी म्हणाली, 'दीड इंचानं कुणाचं घोडं अडलंय?'

आपल्याकडे मिनी म्हणून जे विकलं जातं, ते पुष्कळदा लहान चणीचं तट्टूच असतं. वंशावळीचा कागद सरदारकडे नाही. रक्ताचा रिपोर्ट मात्र मामानं पैसे मोजायच्या आधी मागितला, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहारातलं तेच एक शहाणपणाचं काम. ग्लँडर्स नावाचा आजार घोड्याकडून माणसाला होऊ शकतो. निघाला तर सरकारला कळवावंच लागतं, आणि घोडा वाचत नाही.

(दृश्य: रात्र. गोठ्यातल्या सीसीटीव्हीचं करडं चित्र. सरदार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो. वळतो. परत जातो.)

हा कॅमेरा बिबट्यासाठी लावलेला. त्यात पहिल्या तीन रात्री फक्त हे दिसतं. फेऱ्या. तिसऱ्या सकाळी गोठ्याच्या सागवानी दाराची वरची कड कुरतडलेली होती, उंदरानं पाव खावा तशी. आणि दर थोड्या वेळानं हाक. शेजारचे काका भल्या पहाटे फाटकाशी येऊन म्हणाले, 'अहो, याला काही दुखतंय का? का आम्हालाच उठवायला ठेवलाय?'

दुखत काही नव्हतं. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं, हिरड्या बघितल्या, खूर दाबून बघितले. म्हणाले, 'जनावर ठणठणीत आहे. एकटं आहे.'

घोडा उभ्या उभ्या डुलक्या काढतो हे आपल्याला माहीत असतं. त्याच्या पायाच्या सांध्यांना आतून कडी लागते, त्यामुळे तो पडत नाही. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. रोज अर्धा-पाऊण तास त्याला पुरतो. तेवढंही तो तेव्हाच करतो, जेव्हा त्याला वाटतं की आपल्याऐवजी कुणीतरी जागं आहे. सरदारनं तीन रात्रींत गुडघा टेकला नव्हता.

'दुसरा घोडा आणा' हे खरं उत्तर. डॉक्टरांनीही आधी तेच सांगितलं. मामा तयारच होता, त्याला काय. मामी नव्हती.

मामीचं माहेर फलटणचं. ती म्हणाली, 'अरे, एकटं घोडं आमच्याकडं कुणी बघितलंय? वाड्यावरची घोडी शेळ्यामेंढ्यांतच असती. शेळी आणा एक.'

(दृश्य: दिवाळीनंतरचा रस्ता. मेंढ्यांचा लोंढा, मधे घोडी. पाठीवर हंडे, वाकळा, कोंबड्यांची डालगी.)

पुण्यात वाडा म्हटलं की सदाशिव पेठ आठवते. हा वाडा चालतो. बारामती-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. वाटेत शेळी व्याली की करडूही त्याच बिऱ्हाडावर बांधलं जातं, फक्त मुंडी बाहेर. ही घोडी भीमथडीची. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं हे काटक तट्टू मराठ्यांच्या फौजांना पुरलं, नंतर धनगरांनी जपलं, आणि सरकार-दरबारी स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद अगदी अलीकडे झाली. ही जात टिकली ती मेंढरांच्या मागे चालून.

रेसच्या तबेल्यांतही बिथरणाऱ्या घोड्याजवळ शेळी बांधायची जुनी पद्धत आहे. मामीला ते ठाऊक नव्हतं. तिला फलटण पुरलं.

(दृश्य: चाकणचा बाजार. शेळ्यांच्या रांगा. उपरण्याखाली दोन हात.)

शनिवारी आम्ही चाकणला गेलो. सौदा मामीनं केला, उपरण्याखाली बोटांनी भाव ठरवत. मामा गाडीपाशी उभा. तिला हवी होती भुंडी, म्हणजे बिनशिंगाची. सरदारचं पोट जिथं येतं नेमकं तिथं शेळीचं शिंग येतं, म्हणून. एक उस्मानाबादी सापडली. काळी कुळकुळीत, कानावर पांढरा ठिपका. मामीनं ओठ वर करून दात बघितले, कास चाचपली, शेळीला चार पावलं चालवलं. व्यापारी म्हणाला, 'मावशी, जुळी देईल.' मामी म्हणाली, 'मला जुळी नकोत. मला घोड्याला सोबत पाहिजे.' त्या माणसानं उपरण्याखालचा हात क्षणभर काढूनच घेतला. बहुतेक त्याला वाटलं, भाव पाडायची ही काहीतरी नवी तऱ्हा.

शेळीचं नाव ठेवलं ठकू. ती पंधरा दिवस मागच्या अंगणात वेगळी राहिली. पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली, आंत्रविषाराची झाली, जंताचं औषध झालं. सरदारला धनुर्वाताची. धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं दुसरं पाळीव जनावर नाही, आणि धनुर्वातावरचं औषध मात्र वर्षानुवर्षं घोड्याच्याच रक्तातून निघालं. पुण्याला ही गोष्ट परकी नाही. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे मुंबईला हाफकिन संस्थेकडे जात, सिरम म्हणजे रक्तातला औषधाचा पातळ भाग काढायला. त्यातून १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. नावातलं सिरम ते हे.

(दृश्य: गोठा. मधे जाळी. पलीकडे सरदार, अलीकडे ठकू.)

मग आठवडाभर जाळी मधे. सरदार नाक लावून फुरफुरायचा. ठकू त्याच्याकडे पाठ करून रवंथ करायची.

जाळी काढली त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. सरदार कान पाडून पुढं आला. ठकू जागची हलली नाही. त्यानं तिच्या पाठीचा वास घेतला, मानेपासून शेपटीपर्यंत, एक रेघ ओढल्यासारखा. मग वळला आणि लाथ झाडली, ती बादलीला बसली. बादली माझ्या पायाशी आली. ठकू तोवर गव्हाणीवर चढून त्याची वैरण खायला लागली होती. सरदार पाहतच राहिला. मग त्यानं तिच्या शेजारून मान घातली आणि खायला सुरुवात केली. झाली ओळख.

आता जेवणाचं. कौतुकाचे व्हिडिओ इथं सहसा संपतात आणि खरा घोळ इथून सुरू होतो.

या दोघांना एका ताटात जेवता येत नाही. शेळीला चार कप्प्यांचं पोट. खाल्लेलं परत तोंडात आणून चघळते. घोड्याला ती सोय नाही. त्याला उलटीही होत नाही. जे आत गेलं ते पुढंच जाणार. बुरशी धरलेला कडबा शेळीलाही वाईट, पण घोड्याला त्यानं पोटशूळ उठला तर रात्र काढणं कठीण.

दुकानातून आणलेल्या शेळ्यांच्या खाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. रवंथ करणाऱ्यांना ते चालतं. घोड्याच्या हृदयाला अगदी थोड्या मात्रेत ते जीवघेणं ठरतं. म्हणून ठकूचा खुराक उंच माचावर. ठकू उडी मारून चढते, सरदारला चढता येत नाही. पोत्यावरचं लेबल मामी चष्मा लावून वाचते, आणि ज्यावर काय काय घातलंय ते लिहिलेलं नाही ते पोतं घरात येत नाही.

तरी चूक झालीच. बांधावर सुबाभूळ आहे. मामी रोज एक पेंडी ठकूला टाकायची, सरदारही त्यात तोंड घालायचा. महिन्याभरात खरारा करताना त्याच्या आयाळीचे केस मामाच्या हातात यायला लागले. शेपटीचेही. शेपटीचा आळ आधी ठकूवर आला, कारण ती शेपूट चघळते हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. पण आयाळीपर्यंत तिचं तोंड पोचत नाही. डॉक्टरांनी गोठ्यात नजर फिरवली आणि पेंडीकडे बोट दाखवलं. सुबाभळीत मिमोसिन असतं, त्यानं घोड्याचे नेमके हेच केस झडतात. सुबाभूळ बंद केली. केस आले परत, पण सहा महिने सरदार न्हाव्याकडून अर्धवट उठून आल्यासारखा दिसत होता. कुंपणाची कण्हेर त्याच आठवड्यात मुळासकट निघाली. ती तर दोघांनाही विष.

(दृश्य: रविवार. सिंहगडाकडे गाड्यांची रांग. कुंपणाशी थांबलेली मंडळी, हातात फोन.)

रविवारी वेगळाच ताप. गडावरून पिठलं-भाकरी खाऊन उतरलेली मंडळी 'अय्या, केवढुस्सा' म्हणून थांबतात. एकदा एका भल्या माणसानं सरदारला कांदाभजी दिली. कांदा घोड्याला चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पोटात गेली एकच, म्हणून निभावलं. मामानं पाटी लावली, 'घोड्यास काही देऊ नये'. लोक पाटीसह फोटो काढतात आणि गूळ देतात.

छोटा घोडा उपासानं मरत नाही, लाडानं मरतो. सरदारचं वजन नव्वद किलोच्या आसपास. त्याला दिवसाला सुका चारा दीड किलोच्या आगेमागे पुरतो. पावसाळ्यात डोणज्याला कोवळं गवत गुडघाभर होतं, ते त्याला मोकळं सोडलं तर खुरांच्या आत सूज येऊन चालणं बंद. बरं, जाड झाला म्हणून एकदम उपाशी ठेवावा, तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि तेही बेतू शकतं. सगळं मोजून आणि हळूहळू. बुलेट सोपी होती, असं मामा कबूल करतो.

खुरं दर सहा-आठ आठवड्यांनी तासावी लागतात. नाल नको, नुसती तासणी. नालबंद कॅम्पातून येतो, आणि पुण्यातला रेसचा हंगाम चालू असला की येतच नाही. पहिल्यांदा आला तेव्हा सवयीनं कमरेत वाकला, आणि खूर त्याच्या हाताला लागलाच नाही. शेवटी बिचारा पोत्यावर मांडी घालून बसला. ठकू त्याच्या पिशवीतली कानस हुंगत होती.

शेळी म्हणजे घोडा नव्हे, हे सांगायलाच हवं. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या खांद्यावरची खाज दातांनी काढतात. ठकूला त्यातलं काही कळत नाही. सरदार तिच्या पाठीवर दात फिरवायला जातो, ती वैतागून निघून जाते. तेवढं काम मामाकडे आलंय. संध्याकाळी खरारा घेऊन बसतो. सरदारचा वरचा ओठ लांब होतो, डोळे अर्धे मिटतात, आणि मामाचेही.

(दृश्य: गोठा, सकाळ. वरून, बाजूनं जाळी. खाली मुरूम, त्यावर भुस्सा. मामी लीद भरते आहे.)

जाळी काढल्यानंतरचा तो नववा दिवस. मामी लीद भरता भरता थांबली. म्हणाली, 'इकडं ये रे. हे बघ.'

सरदारच्या डाव्या कुशीला भुस्सा चिकटला होता. खांद्यापासून मांडीपर्यंत. गालालाही. एका बाजूचे केस दबून चपटे झालेले.

मामाला हाक मारली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसलो. रात्रीचं चित्र मागं-पुढं करत दोन चाळीसला थांबलो.

(दृश्य: सीसीटीव्ही. करडं चित्र. आवाज नाही.)

सरदार उभा आहे. मान खाली. पुढचे पाय दुमडतो. परत उठतो. एकदा स्वतःभोवती फिरतो. मग पुन्हा दुमडतो, आणि हळूहळू सगळा कलंडतो. डोकं भुश्शावर. चारी पाय लांब. थोड्या वेळानं मागचा एक पाय झटके देतो, पळतोय कुठंतरी.

ठकू त्याच्या पोटाशी उभी आहे. तोंड दाराकडे. जबडा हलतोय.

मी फीत पुढं ढकलायला बोट उचललं. मामा दबक्या आवाजात म्हणाला, 'असू दे. बंद कर तो. झोपलाय.'