मोजपट्टी कपाटाची, माप माणसाचं

(ग्रंथपाल दिनी प्राध्यापकांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

प्राध्यापक मंडळी ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाशी हमखास दोन कामांसाठी येतात. एक म्हणजे नो ड्यूजवर सही, आणि दुसरं, ‘सर, तेवढा माझा एच-इंडेक्स काढून द्या, उद्या फाइल द्यायचीय.’ आज त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलतो.

एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, त्यावरून काढलेला एक आकडा. आधी तो फळ्यावर काढू. एका बाईंचे पाच शोधनिबंध आहेत. इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार घेतला तो ४०, १२, ५, ४ आणि १ वेळा. उतरत्या क्रमाने लावा नि वरून मोजत या. चौथ्या निबंधाला चार उल्लेख आहेत, पाचव्याला पाच नाहीत. इथे थांबायचं. एच-इंडेक्स ४. आता एका सरांचे तीन निबंध घ्या: ४००, ३, १. त्यांचा आला २. म्हणजे चारशे जणांनी आधार घेतलेल्या निबंधाला इथे दोन उल्लेखांच्या निबंधाइतकीच किंमत! होर्हे हिर्श या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही रीत सुचवली. हिशेब बोटांवर होतो, म्हणून समित्यांना आवडली.

बरं, हा आकडाही एक नसतो. संशोधन शोधायच्या गूगल स्कॉलर, स्कोपस अशा ऑनलाइन सूची आहेत. गूगल स्कॉलरवर वेगळा, स्कोपसवर वेगळा, कारण प्रत्येकाची नियतकालिकांची यादी वेगळी. २०१० साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी आइक अंतकारे नावाचा एक संशोधकच बनवला. संगणकाकडून शंभरावर निरर्थक निबंध लिहून घेतले, एकमेकांत त्यांचेच संदर्भ पेरले आणि गूगल स्कॉलरवर या न जन्मलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ वर नेऊन ठेवला.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. उल्लेख मोजायची ही खटपट मुळात माणसांसाठी नव्हतीच. १९२७ साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे प्रश्न होता तो आमचाच: पैसे मोजके, रसायनशास्त्राची कुठली नियतकालिकं घ्यायची? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचे १९२६ सालचे अंक घेतले, तळटीपा मोजल्या आणि खरेदीची यादी केली. पुढे यूजीन गारफिल्ड यांनी साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कुणी कुणाचा उल्लेख केला त्याची सूची, आणला, तोही एका निबंधावरून पुढचा निबंध शोधता यावा म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळाले त्याचं माप. त्यावरून त्यातल्या एका लेखाची प्रत ठरवणं म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून एका पोराचे गुण लावण्यासारखं आहे.

आपल्याकडे २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या कामगिरीचे, गुण आले, निबंधांची संख्या बढतीला जोडली गेली, आणि पैसे घेऊन छापणाऱ्यांची दुकानं गल्लोगल्ली निघाली. त्यावर उपाय म्हणून आलेली आयोगाची केअर यादी, म्हणजे ग्राह्य नियतकालिकांची यादी, पुण्याच्या विद्यापीठातच तयार व्हायची. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली.

आणि मराठीचं काय? रा. चिं. ढेरे यांच्या विठ्ठलावरच्या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमी मिळाली. वारकरी परंपरेवर काम करणाऱ्या कुणालाही तो टाळता येत नाही. पण मराठी पुस्तकांच्या तळटीपा यंत्र फारशा वाचत नाही, आणि वाचल्या तरी ‘ढेरे’ रोमन लिपीत किती परींनी लिहितात ते तुम्हीच बघा. अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा इंग्रजी अनुवाद २०११ साली आला, तेव्हा कुठे तो या मोजणीच्या पट्ट्यात आला.

एका महाविद्यालयात मराठीच्या एका सरांची फाइल माझ्याकडे आली होती. तीस वर्षं लोकसाहित्यावर काम, आणि स्क्रीनवर शून्य. मला काही ते लिहवेना. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात त्यांच्या विषयातले मराठी प्रबंध स्कॅन करून ठेवलेले आहेत. ते उघडून दोन रविवार संदर्भसूच्या चाळल्या. अकरा प्रबंधांत त्यांचं नाव सापडलं. एकात तर त्यांच्यावर अख्खं प्रकरण होतं. त्या पानांच्या प्रिंट काढल्या, पिवळ्या पेनने नावं रंगवली आणि फाइलला मागून जोडल्या. पहिल्या पानावरच्या ‘एच-इंडेक्स’च्या चौकटीत मी लिहिलं, ‘सोबत जोडलं आहे’.