एक निगेटिव्ह, तेराशे प्रिंट्स

१९४१ सालची संध्याकाळ, न्यू मेक्सिको. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स दिवसभर फिरून गाडीने परत निघालेत आणि हर्नांडेझ गावापाशी बघतात तर काय, चंद्र वर आलाय आणि मावळतीचं ऊन चर्चमागच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रॉसवर पडलंय. गाडी तिथेच थांबवली, आठ बाय दहा इंची फिल्मचा मोठा कॅमेरा घाईघाईत लावला आणि उजेड मोजायचं लाइट मीटर काही सापडेना! पण चंद्र किती उजळ असतो तो आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून मनातच हिशोब करून एक एक्स्पोजर दिलं. दुसऱ्यासाठी फिल्मचा होल्डर (त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फिल्म असते) उलटा करतायत तोवर क्रॉसवरचं ऊन गेलंसुद्धा.

या गाजलेल्या फोटोची ही गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र पुढची जास्त आवडते, डार्करूममधली.

कारण ही निगेटिव्ह प्रिंट करायला भयंकर अवघड होती. जमिनीचा भाग इतका पातळ, म्हणजे फिकट, की त्यातलं काही नीट उठेचना. मग १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा तेवढाच भाग इंटेन्सिफायरच्या रसायनात धरून दाट केला. हात जरा चुकला असता तर संपलंच होतं सगळं, विचार करा!

मुळात अ‍ॅडम्सना व्हायचं होतं पियानोवादक. १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात गेले तेव्हा साधा ब्राउनी कॅमेरा हातात मिळाला आणि पुढे हळूहळू पियानो मागे पडला, पण रियाझाची सवय काही सुटली नाही. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेलं नोटेशन आणि प्रिंट म्हणजे ते वाजवणं, असं ते म्हणायचे. फ्रेड आर्चर या फोटोग्राफरबरोबर झोन सिस्टीम बसवली तीही त्यातूनच, म्हणजे शटर दाबायच्या आधीच शेवटच्या प्रिंटमध्ये कुठला भाग किती काळा, किती करडा हवा ते ठरवायचं.

आणि तरी हे वाजवणं दरवेळी बदलत गेलं. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्राखाली, कुठे हाताने उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा, त्यालाच डॉजिंग-बर्निंग म्हणतात. हर्नांडेझच्या या एका फोटोच्या तेराशेहून जास्त प्रिंट्स त्यांनी काढल्या. सुरुवातीची एखादी आणि सत्तरच्या दशकातली एखादी शेजारी ठेवून बघा. चंद्र तोच, क्रॉस तेच, पण पहिलीत आकाश करडं आहे, त्यात ढगांच्या पुसट रेघा दिसतात, आणि दुसरीत चंद्राच्या वर नुसता काळोख.