पाळकसाहेबांची बदली होते, कमिटी तिथंच असते

रविवारची उपासना संपलीय, बाहेर लोक एकमेकांना सलाम करतायत, पण आत वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, तिघं जण अजून बसलेत, दानाच्या थैल्या टेबलावर रिकाम्या केल्यात. एकट्यानं मोजायचं नाही, हा नियम. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, पाकिटातला दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, ज्याच्या त्याच्या नावावर, उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायला दिलेलं दान वेगळं, मग रजिस्टरमध्ये आकडा आणि खाली सह्या. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात हेच सांगितलंय, गरिबांसाठी जमलेली वर्गणी न्यायची तर मंडळ्यांनी, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चच्या लोकांनी, निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. त्यामुळे हे मोजणंसुद्धा आम्हाला उपासनेचाच भाग वाटतं.

ही माणसं म्हणजे पास्टोरेट कमिटी, एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळीचा कारभार बघणारी. पगार नाही, कुणी शिक्षक, कुणी रिटायर्ड नर्स, कुणाचं दुकान.

नगर भागात ही सवय फार जुनी. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला काम सुरू केलं, आणि ते काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे स्थानिक मंडळीनं आपला कारभार आपणच बघायचा, वर बिशप नाही. पुढं १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्च-मंडळं एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बिशप आले, डायोसीस, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचा विभाग आलं. आता कमिटीचे अध्यक्ष पाळकसाहेबच असतात, आणि ते बरोबरच आहे, पण सेक्रेटरी आणि खजिनदार मंडळीतले असतात. वचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन ही पाळकांची जबाबदारी, आणि छप्पर गळतंय, लाईट बिल भरायचंय, डायोसीसला असेसमेंट, म्हणजे मंडळीचा ठरलेला वाटा पाठवायचाय, कबरस्तानात जागा उरली नाही, हे कमिटीनं बघायचं.

पाळकसाहेबांची बदली होते. नवीन येतात त्यांना कुठल्या गल्लीत कोण आजी एकट्या राहतात, हद्दीचा दगड कुठं होता, मागच्या दुरुस्तीचे पैसे कुणाचे द्यायचे राहिलेत, हे कोण सांगणार? कमिटीच ना. म्हणून मिनिट बुक नीट पाहिजे, कारण माणसांची आठवण पण संपते आणि वहीत नसेल तर मग गेलंच. बाप्तिस्म्याची, लग्नाची रजिस्टरं पण तशीच, पन्नास वर्षांनी कुणीतरी जन्माचा पुरावा शोधत येतं तेव्हा त्या कपाटाला वाळवी लागलेली असून चालत नाही.

सगळ्यात जड जबाबदारी जमिनीची. जुनी चर्चेस शहराच्या मध्यावर, मिशनच्या काळातल्या जागा, आज त्यांना केवढा भाव आहे ते सगळ्यांना दिसतंय. पण कमिटी मालक नाही! महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०, त्याचं कलम ३६ सांगतं की सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता चॅरिटी कमिशनरच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तरी मंजुरी लागते. कमिटीवर निवडून येणाऱ्या प्रत्येकानं हे कलम आधी वाचावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

कागद कच्चे राहिले तर काय होतं ते गुजरातच्या ब्रदरन या पंथाच्या मंडळ्यांच्या खटल्यात दिसलं. १९७० मध्ये सीएनआयमध्ये एकीकरण झालं, ठराव झाले, लोकांनी एकत्र प्रार्थना केली, पण फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन हा नोंदलेला ट्रस्ट कायद्याप्रमाणे विसर्जितच झाला नव्हता, म्हणून त्याची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे गेली नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१३ साली सांगितलं. चाळीस वर्षं उलटून गेल्यावर! एकाच प्रभूला मानणारे लोक इतकी वर्षं कोर्टात समोरासमोर उभे राहिले, याचं खरंच वाईट वाटतं.

आणि मग वार्षिक सभा. ऑडिट झालेला हिशेब मोठ्यानं वाचतात, मागच्या बाकावरून एखाद्या काकू विचारतात की जनरेटरचा खर्च एवढा कसा, आणि खजिनदारानं रागावायचं नाही, व्हाउचर काढून दाखवायचं. नंतर निवडणूक, बायकांना आणि तरुण संघातल्या मुलांना खरोखर जागा मिळते का तेही तिथंच कळतं. जिथं मंडळी स्वतः ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहे तिथं नव्या विश्वस्तांची नावं चेंज रिपोर्टनं चॅरिटी कमिशनरकडे कळवायची, नव्वद दिवसांच्या आत, आणि ते काम सेक्रेटरीचं.