दुर्मिळपणा कसा घडतो : एकोणिसाव्या शतकातील बेसबॉल कार्डे

श्रोतेहो, विषयात शिरण्यापूर्वी मी तुम्हाला एक दोरा पाहायला सांगणार आहे. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ या सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची छोटी छायाचित्रे वाटली. जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंच उंच अशा पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या तपकिरी छायाचित्रांपैकी अनेकांत खेळाडू झेल घेण्याच्या पवित्र्यात उभा असतो, चेंडू त्याच्या ओंजळीसमोर अधांतरी थांबलेला असतो, आणि भिंग लावून पाहिले म्हणजे त्या चेंडूला वरून धरून ठेवणारा दोरा दिसतो. त्या काळच्या कॅमेऱ्याला मैदानावरचा धावता खेळ पकडणे अवघड होते. म्हणून खेळाडूला छायाचित्रकाराच्या स्टुडिओत नेऊन, मागे रंगवलेला पडदा लावून, खेळ तिथे उभा केला जाई. मला हा दोरा फार मोलाचा वाटतो, कारण हे चित्र कोणत्या अडचणीतून निर्माण झाले ते तो प्रामाणिकपणे सांगतो.

पण सिगारेटच्या पाकिटात खेळाडू आला कशासाठी? १८८१ मध्ये जेम्स बोन्सॅक यांच्या सिगारेट वळण्याच्या यंत्राला पेटंट मिळाले आणि जिथे कामगार हाताने दिवसाला काही हजार सिगारेटी वळत होते, तिथे एक यंत्र लाखाच्या वर सिगारेटी वळू लागले. माल अमाप झाला. गिऱ्हाईक मात्र एका छापाकडून दुसऱ्या छापाकडे ओढून आणावे लागे. कागदी पाकिटाला ताठपणा देण्यासाठी आत पुठ्ठ्याचा तुकडा लागतच होता, त्यावर चित्र छापले की तेच आमिष होई. नट्या, पक्षी, निरनिराळ्या देशांचे झेंडे असे सर्व काही त्यावर आले. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये काढलेल्या पन्नास जगज्जेत्यांच्या रंगीत संचात दहा बेसबॉलपटू आहेत आणि त्यांच्या पंगतीला मुष्टियोद्धे, मल्ल व नेमबाज ॲनी ओकलीसुद्धा आहे. पुढे १८९० मध्ये जेम्स ड्यूक यांनी प्रमुख प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभारली. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा चित्रांवरचा खर्च कोण करणार? १८९५ च्या मेयो कंपनीच्या संचासारखे थोडे अपवाद सोडले, तर सुमारे वीस वर्षे ही कार्डे जवळजवळ बंद पडली. आपण ज्याला एकोणिसाव्या शतकातील बेसबॉल कार्डांचा काळ म्हणतो, त्याचा भर असा अवघ्या चार-पाच वर्षांचा आहे.

आता दुर्मिळपणाकडे वळतो. जुने ते दुर्मिळ, ही समजूत नव्या संग्राहकाने पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. ‘ओल्ड जज’ मालिकेत पाचशेहून अधिक खेळाडू आणि त्यांच्या दोन हजारांहून अधिक निरनिराळ्या मुद्रा आढळतात. त्यांतील कित्येक कार्डे आजही लिलावात नियमितपणे येतात. याउलट शिकागो संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन पाहा. तो नेहमीच्या कार्डावर कोट घातलेल्या गृहस्थाच्या वेषात दिसतो आणि ते कार्ड मिळू शकते. परंतु संघाच्या गणवेशातील त्याच्या कार्डाच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ज्ञात आहेत. माणूस तोच, कंपनी तीच आणि पुठ्ठाही तोच असून फरक फक्त सदऱ्याचा आहे. कॅलिफोर्निया लीगच्या खेळाडूंची कार्डेही अशीच विरळा. खेळाडूने संघ बदलला की जुन्याच छायाचित्रावर नव्या संघाचे नाव घालून कार्ड पुन्हा काढले जाई, म्हणून कार्डाच्या पायथ्याची ती बारीक ओळ वाचणे हे संग्राहकाचे पहिले काम आहे. किंग केली या खेळाडूला शिकागोने १८८७ मध्ये दहा हजार डॉलरला बोस्टनला विकले, तर कार्डावर त्याच्या नावाशेजारी ती रक्कमच छापली गेली!

खरेखोटे ओळखण्याबाबत थोडे विस्ताराने बोलतो, कारण या छंदात माणूस फसतो तो इथेच. ‘ओल्ड जज’ची छायाचित्रे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर चांदीच्या क्षारांनी उमटवलेली आहेत, ती उजेडाने फिकटतात, पिवळी किंवा गुलाबट होतात. ॲलन अँड गिंटरची रंगीत कार्डे मात्र शिळाछापाची आहेत. आपल्याकडे राजा रविवर्मांच्या छापखान्याने १८९४ पासून मुंबईत आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीत देवादिकांची चित्रे ज्या तंत्राने छापली, तेच हे तंत्र : प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. ज्यांच्या घरी अशी जुनी तसबीर असेल त्यांनी तिच्यावर भिंग धरावे. रंगाचे ठिपके हाताने घातलेले, लहानमोठे, विखुरलेले दिसतील. आधुनिक छपाईत हेच ठिपके जाळीसारखे एका मापात बसतात. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदात मिसळली जाणारी उजळ करणारी रसायने अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. एकोणिसाव्या शतकातला कागद तसा चमकत नाही. कडा कापून नीटस केलेली किंवा छायाचित्र सोलून नव्या पुठ्ठ्यावर बसवलेली कार्डे याहून अवघड, कारण त्यांत खोटे आणि खरे एकत्र असते. कोपरे झिजलेले, चेहरा फिकटलेला, पण कोणी हात न लावलेले कार्ड मी अशा देखण्या कार्डापेक्षा केव्हाही पसंत करीन.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले, त्या जेफरसन बर्डिक यांच्याविषयी. एखादी गोष्ट विरळा आहे असे म्हणायला आधी एकूण काय काय होते याची यादी लागते, आणि ती यादी या माणसाने केली. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूझ इथल्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या संग्राहकाने अमेरिकन कार्डांची पहिली सर्वंकष सूची तयार केली. तंबाखूच्या कार्डांपैकी एकोणिसाव्या शतकातील संचांना त्यांनी ‘एन’ आणि विसाव्या शतकातील संचांना ‘टी’ हे अक्षर दिले. ‘ओल्ड जज’ त्यांच्या सूचीत एन १७२ आहे, आणि आजही लिलावदार व संग्राहक तोच क्रमांक उच्चारतात. आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. संधिवाताने बोटे आखडत असताना वर्षानुवर्षे तिथे बसून ते स्वतः एकेक कार्ड वहीत डकवत राहिले. आजचा बाजार कार्ड प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतो. त्या दृष्टीने खळ लावलेले कार्ड बिघडलेले ठरते. परंतु त्या वह्यांमुळे संच संच म्हणून एकत्र राहिला, विकून विखुरला गेला नाही, आणि अभ्यासकाला तो एका जागी बसून पाहता येतो. १० जानेवारी १९६३ रोजी बर्डिक यांनी शेवटचे कार्ड डकवले आणि दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले. मार्चमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वह्यांचे काम पुरे झालेले होते.