डोंगरातली भेग कशी ओळखावी

(दृश्य : पाटण तालुका. टप्प्याटप्प्यांचा डोंगर, मधल्या सपाटीवर एक वाडी.)

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्गुसला एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुन्या कोळसा खाणीची पोकळी होती. खाणीत कोळशाचेच खांब राखून छत तोललेलं असतं. खांब दबले की छत बसतं आणि वरची जमीन बशीसारखी खचते. काठाला ती ताणली जाते, म्हणून भेगा गोलाकार पडतात. खाण फार उथळ असेल, तर सरळ खड्डाच पडतो.

साताऱ्यात कोळसा नाही. इथली जमीन खाली बसण्याऐवजी उताराला सरकते, आणि भेगही तसंच सांगते. ती अर्धगोल असते, दोन्ही टोकं उताराकडे वळलेली, खालची बाजू बोटभर तरी उतरलेली. काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा जाळीसारख्या पसरतात आणि पावसात मिटतात. ही मात्र पावसात रुंदावते.

(दृश्य : रस्त्यासाठी कापलेली दरड. काळ्या कातळात तांबडा पट्टा.)

दोन कातळांमधला हा तांबडा थर नीट बघा. वरून सांध्यांतून उतरलेलं पाणी याच्यावर अडतं, आडवं पसरतं आणि झरा होऊन बाहेर येतं. वाड्या वसल्या त्या अशाच झऱ्यांच्या आधारानं, अनेकदा वरून ढासळलेल्या माती-दगडांच्या सपाटीवर. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मीरगाव आणि ढोकावळे इथं दरडी कोसळल्या.

भेगेत पाणी साठलं की ते जमिनीला उताराकडे ढकलतं. दोन मीटर खोल भेग काठोकाठ भरली, तर दर मीटर लांबीला सुमारे दोन टन रेटा बसतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट, म्हणजे आठ टन. म्हणून भेग दिसली की पाऊस येण्याआधी ती बुजवायचीच. तोंड थोडं रुंद करून चिकण माती वीतभराच्या थरांनी धुमसायची आणि वर उंचवटा ठेवायचा. मुरूम घालू नका, त्यातून पाणी झिरपतं. पाऊस सुरू असेल, तर ताडपत्री अंथरून तिच्या कडा मातीत दाबायच्या. भेग बुजवल्यानं सरकणं थांबत नाही, फक्त पाण्याचा रेटा कमी होतो.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पाणी जिरवण्याचे सलग समतल चर माळावर उत्तम. भेगाळलेल्या उतारावर तेच चर घात करतात, कारण ते पाणी थेट सरकत्या जमिनीत सोडतात. तिथं भेगेच्या वरच्या बाजूला उतार दिलेला, तळ पक्का केलेला चर हवा. पाणी बाजूच्या ओढ्यात गेलं पाहिजे. आणि घरामागची दरड जेसीबीनं उभी कापणं थांबवा. वरच्या मातीला टेकू असतो तो पायथ्याचाच.

(दृश्य : भेगेच्या दोन्ही अंगांना ठोकलेल्या सळ्या. स्टीलचा टेप.)

मोजणी सोपी आहे. भेगेच्या दोन्ही कडांपासून दीड मीटर अंतरावर, समोरासमोर, दोन फुटी सळ्या ठोका आणि बुडाशी काँक्रीट घाला. काठाला ठोकल्या तर काठ ढासळून माप फसतं. दोन सळ्यांमधलं अंतर टेपनं घ्या, उंचीतला फरक गवंड्याच्या लेव्हल पाईपनं. रोज ठरल्या वेळी वहीत लिहा.

रुंदीपेक्षा वेग बघा. रोज दोन मिलिमीटर वाढणारी भेग काळजीची. आज दोन, उद्या चार, परवा नऊ, असं झालं की उजेड असतानाच वाडी रिकामी करायची. झरा एकाएकी गढूळ झाला किंवा आटला, दारं चौकटीत अडकू लागली, विजेचे खांब कलले, तर मोजणीचीही वाट बघू नका.

निघताना ओढ्याच्या वाटेनं खाली उतरायचं नाही, कारण दरडीचा राडा ओढ्यातूनच येतो. आडवं चालत डोंगराच्या सोंडेवर जायचं. कोणती सोंड आणि कोणती वाट, हे मे महिन्यातच सगळ्यांनी मिळून ठरवावं आणि म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, तेही.