सराफ्यात रात्री एक, गल्लीत रात्री नऊ

[दृश्य: रात्रीचा सराफा. कढईवरची वाफ, गर्दी.]

रात्रीचा एक वाजत आलाय आणि इंदूरच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही. दिवसा जिथे सोन्याचा भाव विचारला जातो, त्याच दुकानांच्या बंद शटरपुढे भुट्ट्याचा कीस परतला जातोय आणि ताटभर पसरलेला जलेबा तळला जातोय. नातवंडांना घेऊन आज्या उभ्या आहेत, मंगळसूत्र पदरावर. जुने लोक सांगतात, सराफांनी या ठेल्यांना खुशीनं जागा दिली. माणसं जागी असली की दुकानं आपोआप राखली जातात.

[दृश्य: पश्चिम इंदुरातली एक कॉलनी. दोन खांब बंद, मध्ये मोकळा प्लॉट.]

सराफ्यात निर्धास्त उभ्या असलेल्या काकू आपल्या कॉलनीत मात्र रात्री नऊला दूध आणायला एकट्या निघत नाहीत. निघाल्याच, तर मंगळसूत्र आत सरकवतात आणि मागून बाइकचा आवाज आला की भिंतीला लागून थांबतात, बाइक पुढे गेल्यावर पाऊल उचलतात. काही घडलंय का, असं विचारलं तर नाही म्हणतात. पण धाकधूक असते.

आपला विषय ही धाकधूक आहे. इंदुरात डिसेंबर २०२१पासून पोलीस आयुक्तालय आहे. गुन्हा नोंदला की तो एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, देशभरच्या आकड्यांतही जातो. काकूंनी बदललेला रस्ता, मुलीला सोडायला लावलेली संध्याकाळची शिकवणी हे कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. आणि ‘उगाच घाबरता’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की गर्दीतला धक्का, मारलेली शिट्टी, कोपऱ्यापर्यंत केलेला पाठलाग यांची तक्रार बहुतेक बायका करतच नाहीत. भीतीला कारण असतं. फक्त ते आकड्यांत सापडत नाही.

मग सराफ्यात ती का नसते? नुसत्या उजेडामुळे नाही. २०२२ मध्ये इंदूरच्या बीआरटीएस, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका असलेल्या, रस्त्यावरची दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. तिथेही दिवे होतेच. पण नशेबाजीच्या आणि भांडणांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२४ मध्ये ती सवलत मागे घेतली गेली. सराफ्यात घरंच्या घरं खायला येतात, आणि ठेलेवाला रोजचा असतो. कुणी गडबड केली तर चार माणसं विचारतील, याची खात्री असते.

गल्लीत ही खात्री ओटल्यावर बसायची. जेवणं झाली की आजोबा, शेजारचे साहू, समोरची सून, सगळे ओटल्यावर. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी पाहुणे, सगळं ठाऊक. चौकशा फार व्हायच्या, हेही खरं. त्या काळातल्या मुलींना विचारा. मध्य शहरात रस्ते रुंद झाले तेव्हा घरांच्या दर्शनी भागांबरोबर कितीतरी ओटले गेले. नव्या कॉलन्यांत त्यांच्या जागी गेट आलं, ग्रिल आली, कॅमेरा आला. कॅमेऱ्यानं चोर नंतर सापडतो, तेवढा त्याचा उपयोग आहेच. पण हाक मारली तर तो ओ देत नाही.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. ‘सावधान! कॉलोनी में गैंग घूम रही है.’]

आता गल्लीची खबरबात इथे येते. नीट वाचा. तारीख नाही, ठाणं नाही, शहराचं नावसुद्धा नाही. फोटो कुठला, कधीचा, कुणाला माहीत नाही. तरी दहा मिनिटांत सगळ्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी चादरी विकणारा ओळखीचा नाही म्हणून गेटवरून हाकलला जातो.

ही भीती कुठवर जाते, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणायचं ठरवलं.

[दृश्य: रात्रीचा चौकीदार. दांडा, शिट्टी.]

चौकीदाराच्या शिट्टीवर आपण हसतो. चोराला कळतं ना, हा कुठे आहे ते! पण अमेरिकेतल्या नेवार्क शहरात १९७८-७९ मध्ये पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीला लावलं, आणि १९८१च्या अहवालात निष्कर्ष आला: गुन्हे कमी झाले नाहीत, लोकांची भीती मात्र कमी झाली. शिट्टी चोरासाठी नसेलही. ती आत जाग्या असलेल्या आजींसाठी असते.

अर्थात आजींच्या दाराला तीन कड्या असल्या तरी उशाशी फोन असतो. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर सांगतो, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कुणाशी बोलू नका. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावायचा. फेरीवाल्याबद्दल दहा मेसेज पाठवणाऱ्या ग्रुपवर हा नंबर एकदाही आलेला नसतो, याचं मला नवल वाटतं.

[दृश्य: काकू, दोन तरुणी, एक आजोबा. हातात टॉर्च आणि वही.]

अंधार पडल्यावर आपल्याच कॉलनीतून चालत जायचं आणि कुठे पाऊल अडखळतं ते लिहायचं, अशी पद्धत कॅनडातल्या टोरांटोत १९८९ मध्ये बायकांनी सुरू केली. दिल्लीत ‘जागोरी’ संस्थेनं ती वापरली. इथे वहीत काय येतं? तिसरा खांब बंद. चौथा चालू, पण गुलमोहराच्या फांदीनं झाकलेला. मोकळ्या प्लॉटला कुंपण नाही. कोपऱ्यावर उभा ट्रक, पलीकडचं दिसत नाही.

महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर तक्रार टाकताना दिव्याची वेगळी आणि फांदीची वेगळी टाका. एकत्र टाकली, तर दिवेवाले येऊन फांदी बघून परत जातील.