पदवी वाया गेली का?

मघाशी ओळख करून देताना संयोजकांनी मला ‘मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, आता भाषेच्या कामात’ असे म्हटले आणि सभागृहात थोडी खसखस पिकली. त्या हसण्यात ‘म्हणजे पदवी वाया गेली की’ हा शेरा असतो. ‘शिकलेले काहीच वाया जात नाही’ असे गुळगुळीत उत्तर मी आजवर देत आलो. आज ते मागे घ्यायचे आहे.

अशा प्रसंगी हटकून डॉ. श्रीराम लागूंचे नाव निघते. कान-नाक-घशाचे हे शल्यचिकित्सक १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले. ‘सगळे सोडून उडी घेतली’ एवढेच आपल्याला सांगायला आवडते. परंतु वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटकांत कामे करत होते, आणि पुण्यात भालबा केळकरांसारख्या मंडळींबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांची घडण झाली होती. डॉ. मोहन आगाशे तर मनोविकारतज्ज्ञ राहूनच नट झाले. या मंडळींना दुसरे काम आधीपासून खुणावत होते.

आमचे तसे नव्हते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, आणि पुढे तालुक्याच्या गावातल्या आमच्यासारख्यांच्या घरीही ‘मुलगा इंजिनिअर’ हे स्वप्न आवाक्यात आले. शाखा ठरवली ती आवडीने नव्हे, तर बारावीच्या गुणांनी. शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये आलेल्या सॉफ्टवेअर कंपनीला कुठलीही शाखा चालत होती. तिच्या परीक्षेत अंकगणित, तर्क आणि इंग्रजी होते, यंत्राविषयी एकही प्रश्न नव्हता. तिथे सॉफ्टवेअरची मराठी आवृत्ती तपासायला कोणी मिळेना, म्हणून ते काम माझ्याकडे आले, आणि ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, यावर तास तास वाद घालताना मला प्रथमच नोकरीत रस वाटला.

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणावा लागे. सर त्याला गुण्या लावून खिडकीच्या उजेडासमोर धरत. फटीतून प्रकाशाची बारीक रेघ दिसली की तुकडा परत. मुद्रिते तपासताना ती रेघ मला उपयोगी पडते, असे म्हटले तर आपण टाळ्या द्याल. पण ते खरे नाही. मुद्रिते वाचायला मला एका निवृत्त मुद्रितशोधकांनी शिकवले, ओळीखाली पट्टी धरून, एकेक अक्षर उच्चारून. कानशीने तळहाताला फोड आले, एवढेच. थर्मोडायनॅमिक्स तर मी केव्हाच विसरलो.

वडिलांनी पतपेढीतून काढलेले कर्ज मात्र या पदवीमुळे मिळालेल्या नोकरीतूनच फिटले. म्हणजे पदवीने दार उघडले, हे मान्य. पण केवळ दार उघडण्यासाठी चार वर्षे आणि एका घराची सारी पत खर्ची पडावी, ही व्यवस्थेची उधळपट्टी आहे, आणि तिला ‘अनुभव’ म्हणून गोंजारणे मला आता जमत नाही.

अलीकडे ती पदवी मी एकदाच फाइलमधून बाहेर काढली. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवायचे होते. कारकुनाने झेरॉक्स घेतली, मूळ प्रत परत केली. शाखा कोणती, हे त्यानेही पाहिले नाही.